डॉ. सुरेंद्रनाथ सेन आणि मराठ्यांची राज्यव्यवस्था : एक परीक्षण

मराठ्यांच्या इतिहासावर ज्या बंगाली पंडितांनीं लिहिलें त्यांत सर जदुनाथ सरकार यांचें नांव आपल्याकडे सर्वतोमुखीं आहे. त्यांच्या मतांवर वाद झाले, टीका झाली, आणि त्या निमित्तानें कां होईना, त्यांचे ग्रंथ बारकाईनें वाचले गेले. डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांच्या वाट्याला हें भाग्य त्या मानानें आलें नाहीं. त्यांच्याशीं फारसें कोणी भांडलें नाहीं, आणि म्हणूनच त्यांची कसून तपासणीहि झाली नाहीं. मराठ्यांच्या कारभारावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ सालीं कलकत्ता विश्वविद्यालयानें प्रसिद्ध केला, आणि दोनच वर्षांनीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली. पुढें विद्यार्थ्यांनीं त्यांतील प्रकरणें पाठ करावीं आणि क्रमिक पुस्तकें लिहिणारांनीं तीं उतरून घ्यावीं, असा क्रम पडून गेला. ज्या ग्रंथाला सर्वजण नमस्कार करून पुढें जातात, तो कोणत्या कागदांवर उभा आहे हें एकदां पाहणें अवश्य आहे.

सेन यांचा जन्म १८९० सालीं बारिसाल जिल्ह्यांत झाला. सर आशुतोष मुकर्जी यांनीं कलकत्त्यास देशी भाषांचा उच्च अभ्यास सुरू केला त्या वातावरणांत ते अध्यापक झाले, मराठी शिकले, आणि पुढें आशुतोष यांच्याच नांवें असलेल्या मध्ययुगीन व अर्वाचीन इतिहासाच्या अध्यासनावर बसले. मराठी ही त्यांची जन्मभाषा नव्हे. घरांत मोडी कागद पाहत ते वाढले नव्हते. तरीहि पहिल्याच मोठ्या उद्योगासाठीं त्यांनीं सभासदाची बखर हातीं धरली. १९२० सालीं तिचें इंग्रजी भाषांतर, चिटणिशी बखर व शिवदिग्विजय यांतील उताऱ्यांसह, त्यांनीं छापलें. भाषांतर प्रामाणिक आहे. परंतु जिंजीस राजाराममहाराजांच्या आज्ञेनें लिहिणारा कृष्णाजी अनंत आणि शंभराहून अधिक वर्षांनीं लिहिणारा मल्हार रामराव चिटणीस हे एकाच पुस्तकांत शेजारीं बसविले, म्हणजे मराठी न जाणणाऱ्या वाचकास दोघांचें वजन सारखेंच वाटूं लागतें. टिपांत सावधगिरीची सूचना असली तरी टिपा वाचतो कोण?

आतां मुख्य ग्रंथाकडे वळूं. त्याचे तीन खंड आहेत: शिवाजीमहाराजांची व्यवस्था, पेशव्यांची व्यवस्था, आणि या संस्थांचें मूळ. विषय इतिहास व राज्यशास्त्र यांच्या सीमेवरचा आहे. लढाया, तह व वारसाचे तंटे बाजूला सारून राज्य चालत होतें कसें, वसूल कोण करी, त्यावर नजर कोणाची, न्याय कोठें मिळे, हें सलग सांगण्याचा एवढ्या विस्ताराचा प्रयत्न सेनांच्या आधीं झाला नव्हता. कमाविसदार व मामलेदार यांच्यावर वचक ठेवणाऱ्या आठ दरकदारांचें, म्हणजे दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस यांचें, त्यांनीं केलेलें विवेचन आजहि वाचण्याजोगें आहे. वरिष्ठाच्या मर्जीवर न हालणारा हाताखालचा अधिकारी म्हणजे अंदाधुंदी अशी इंग्रज लेखकांची समजूत होती. ती व्यवस्थाच होती, हें सेनांनीं नीट दाखविलें.

हा ग्रंथ लिहिला गेला तेव्हां पुण्याच्या एलियनेशन ऑफिसांतील पेशवे दप्तर संशोधकांस बंद होतें. गो. स. सरदेसाई यांनीं निवडलेले पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ या काळांत बाहेर आले. म्हणजे सेनांचा ग्रंथ आधीं आणि दप्तर मागाहून. सेनांच्या हाताशीं गणेश चिमणाजी वाड यांनीं रोजकीर्दींतून काढलेले उतारे होते, राजवाड्यांचे खंड होते, पारसनिसांनीं छापलेलीं साधनें होतीं, आणि एल्फिन्स्टनचा १८१९ चा अहवाल होता. या सामग्रींतून त्यांनीं जें उभें केलें त्याबद्दल आदरच वाटतो. पण सामग्रीचा स्वभाव लेखकाच्या निष्कर्षांत उतरल्यावांचून राहत नाहीं. रोजकीर्दींतील उतारा हा हुकूम असतो. अमुक कमाविसदारानें अमुक करावें, रयतेस उपद्रव देऊं नये, हिशेब वेळेवर द्यावा, असें त्यांत असतें. तें झालें कीं नाहीं हें त्या कागदांत नसतें. तें परगण्याच्या ताळेबंदांत, गांवच्या जमाखर्चांत आणि सावकाराच्या वहींत असतें. एकच मनाई दहा वर्षांत तीनदां आढळली तर तिचा अर्थ राज्य दक्ष होतें असा करावा, कीं मनाई कोणी पाळीत नव्हतें असा करावा? सेन बहुधा पहिल्या अर्थाकडे झुकतात.

रसदेचें उदाहरण घ्या. कमाविसदारानें नेमणुकीबरोबर सरकारांत आगाऊ रक्कम भरावयाची आणि ती व्याजासह मुलखांतून उगवून घ्यावयाची, ही रीत सेनांस ठाऊक आहे. परंतु ती रक्कम तो पुष्कळदां सावकाराकडून आणी, आणि मग परगण्याचा खरा धनी कोण, कमाविसदार कीं सावकार, हा प्रश्न उभा राहतो. नेमणुकीच्या यादींत सावकाराचें नांव नसतें. म्हणून सेनांच्या राज्ययंत्रांत तो जवळजवळ दिसतच नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळांतील मक्तेदारी ही त्यामुळें अचानक उद्भवलेल्या रोगासारखी वाटते. तिचीं मुळें मागच्या पन्नास वर्षांच्या रसदेच्या हिशेबांत शोधावीं लागतील.

न्यायाच्या प्रकरणांतहि तेंच. पंचायतीचें वर्णन मुख्यतः एल्फिन्स्टनच्या डोळ्यांनीं केलेलें आहे. मूळ महजर, निवाडपत्रें आणि गोतसभांचे कागद समोर घेतले म्हणजे चित्र किती बदलतें हें वि. त्र्यं. गुणे यांच्या १९५३ च्या ग्रंथावरून कळतें. सेनांच्या एका प्रकरणाचा विस्तार करण्यास तीस वर्षें आणि महजरांची रास लागली. वसूल, पोलीस, टांकसाळ व जकात या प्रकरणांचेंहि तसेंच पुनर्लेखन व्हावयास हवें.

तिसरा खंड सर्वांत विद्वत्तेचा, आणि आमच्या मतें सर्वांत कच्चा. मराठी संस्थांचें मूळ प्राचीन हिंदु राजनीतींत आहे, मुसलमानी अमलांतून कांहीं भाग आला, असें तेथें प्रतिपादन आहे. अष्टप्रधानांच्या तुलनेसाठीं शुक्रनीतीचा आधार घेतला आहे. तो काळच तसा होता: ऑपर्टनें मद्रासेस १८८२ सालीं शुक्रनीति छापली, विनयकुमार सरकारांचें इंग्रजी भाषांतर १९१४ त निघालें, आणि जो तो तिच्यांत प्राचीन भारताचें मंत्रिमंडळ पाहूं लागला. परंतु १९६२ सालीं लल्लनजी गोपाल यांनीं हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतील असल्याचें सप्रमाण मांडलें. त्यांचा निर्णय कोणी पूर्णपणें न मानला, तरी बंदुका व दारू यांचें वर्णन करणारा ग्रंथ कौटिल्याच्या पंक्तीस बसवितां येत नाहीं, एवढें कबूल करावें लागेल.

येथें एक बारीक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. शुक्रनीतीच्या मंत्र्यांत प्रतिनिधि आहे. १६७४ च्या राज्याभिषेकसमयींच्या अष्टप्रधानांत प्रतिनिधि नाहीं. तें पद राजाराममहाराजांनीं जिंजीस प्रल्हाद निराजीसाठीं नवें निर्माण केलें. महाराजांनीं शुक्रनीति पुढें ठेवून प्रधान नेमले असते, तर हें पद त्यांनीं कां गाळलें, आणि जिंजीच्या वेढ्याच्या धामधुमींत तें एकाएकीं कां आठवलें? कोणी कोणापासून घेतलें याचा ओघ उलट दिशेनेंहि असूं शकेल, ही शंका घेणें प्राप्त आहे. पदांचीं नांवें पाहिलीं तरी हेंच दिसतें. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापति. नांवें संस्कृत झालीं. राज्यव्यवहारकोश त्याच हेतूनें रचला गेला. परंतु कामें तींच, जीं निजामशाही व आदिलशाही दप्तरांत चालत आलीं होतीं. नामकरण हा महाराजांचा एक मोठा राजकीय निश्चय होता आणि त्याचें महत्त्व कमी नाहीं. पण निश्चय निराळा व वंशावळ निराळी. सेनांनीं साम्य दाखविलें, आणि साम्यावरून वंश ठरविला.

त्याच पिढींतील प्रो. श्री. व्यं. पुणतांबेकर यांच्याशीं तुलना केली तर सेनांचा विशेष अधिक स्पष्ट होतो. पुणतांबेकर काशीस व पुढें नागपुरास इतिहास आणि राज्यशास्त्र हे दोन्ही विषय शिकवीत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचें इंग्रजी भाषांतर त्यांनीं १९२९ सालीं केलें, आणि युनेस्कोनें मानवी हक्कांवर जो लेखसंग्रह १९४९ सालीं काढला त्यांत हिंदु कल्पनेची बाजूहि त्यांनींच मांडली. त्यांची दृष्टि तत्त्वाकडे. टोपीकरांस खाडीच्या तोंडाशीं जागा देऊं नये, हा अमात्यांचा इशारा त्यांस राजनीतीचा सिद्धान्त दिसतो. सेन असता तर त्या इशाऱ्यानंतर कोठें कोणास जागा दिली गेली, याचा कागद शोधूं लागला असता. दोघांचीहि गरज आहे, परंतु इतिहासमंडळांतील माणसाचें मन दुसऱ्याकडे ओढ घेणार, हें सांगावयास नकोच.

ही कागद शोधण्याची ओढ सेनांस गोव्यास घेऊन गेली. तेथील ऐतिहासिक दप्तरांवर त्यांचा प्राथमिक अहवाल १९२५ त छापला गेला. शिवाजीमहाराजांचीं परकीयांनीं लिहिलेलीं चरित्रें त्यांनीं १९२७ सालीं इंग्रजींत एकत्र केलीं. त्यांत कॉस्मे द गार्द याचें पोर्तुगीज चरित्र आहे. त्यांतील बाजारगप्पांचा भाग सोडला तरी, महाराजांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनीं त्यांच्याविषयीं काय बोललें जात होतें, तें त्यांत सांपडतें. १९२८ चा लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथहि या परदेशी साधनांमुळें आरमाराच्या प्रकरणांत भक्कम झाला आहे. सरंजामशाही पुन्हां आली आणि सैन्य बिघडलें, हा त्यांतील सिद्धान्त मात्र पहिल्या ग्रंथाप्रमाणेंच नियमांवरून काढलेला आहे.

१९३९ सालीं सेन दिल्लीस सरकारी अभिलेखांचे कीपर झाले आणि स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय अभिलेखागाराचे पहिले संचालक. अध्यापकानें दप्तरदार व्हावें, ही आमच्या मतें त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत उपयोगाची गोष्ट. ज्यानें बंद दप्तराच्या बाहेर उभें राहून ग्रंथ लिहिला, त्याच्याच हातीं किल्ली आली. आणि त्यानें दार उघडलें. त्यांच्या कारकीर्दींत संशोधकांस सरकारी कागद पूर्वींपेक्षां पुष्कळ सुलभ झाले. त्यांनीं सरकारी दप्तरांतील बंगाली पत्रें १९४२ सालीं प्रसिद्ध केलीं. संस्कृत कागदांचा संग्रह उमेश मिश्र यांच्यासह १९५१ त निघाला. खासगी घराण्यांतील कागदांचा तपास लावण्यासाठीं प्रांतवार समित्या असाव्या, ही इतिहास-अभिलेख आयोगाची योजनाहि याच काळांतली.

पुढें १९५० ते १९५३ ते दिल्ली विश्वविद्यालयाचे कुलगुरु होते. सरकारनें त्यांच्याकडून १८५७ चा इतिहास लिहवून घेतला. तो १९५७ त प्रसिद्ध झाला. सरकारी आश्रयाचा ग्रंथ म्हटला म्हणजे आपण नाक मुरडतों, परंतु येथें तसें कारण नाहीं. तो उठाव आधीं आंखलेला कट होता असें लिहिलें असतें तर पुष्कळांस आवडलें असतें. पुरावा नाहीं म्हणून सेनांनीं तें लिहिलें नाहीं. धर्मरक्षणापासून आरंभ झालेला हा लढा पुढें कांहीं प्रदेशांत स्वातंत्र्ययुद्ध बनला, एवढेंच ते मानतात. हीच कठोरता शुक्रनीतीच्या बाबतींत दाखविली असती, तर १९२३ च्या ग्रंथाचा तिसरा खंड वेगळा झाला असता.

आतां जें काम उरलें आहे तें दिल्लीच्या दप्तरांत होण्यासारखें नाहीं. पुण्याच्या दप्तरांतील हजारो रुमालांत परगण्यांचे हिशेब आहेत, आणि त्यांची दुसरी बाजू देशपांडे, कुळकर्णी व सावकार घराण्यांच्या वाड्यांतून पडली आहे. कमाविसदारास रसदेसाठीं दिलेल्या कर्जाचीं खतें, त्यावरील व्याजाच्या यादी, दरकदारांनीं मामलेदाराविरुद्ध पाठविलेल्या तक्रारी, किंवा प्रतिनिधीच्या पहिल्या नेमणुकीसंबंधीं कोणताहि कागद ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं मूळ देणें शक्य नसल्यास नकल तरी करूं द्यावी, आणि तेंहि नको असल्यास निदान तारीख, परगणा व नांवें यांची टांचणी या त्रैमासिकाकडे पाठवावी.