वचनातून उघडणारा नकाशा

छापील बायबलमधले रंगीत नकाशे बहुधा अगदी शेवटी असतात, मजकुरापासून शेकडो पाने दूर. अभ्यास-बायबल संगणकावर आले तेव्हा हे अंतर मिटायला हवे होते, पण पुष्कळ ठिकाणी ते वाढले. नकाशा नुसते चित्र म्हणून चिकटवलेला असेल, तर त्यावर छापलेली गावांची नावे शोधयंत्राला वाचता येत नाहीत. तुम्ही 'अजेका' शोधता आणि वचने मिळतात, नकाशा मिळत नाही. 'ईएसव्ही स्टडी बायबल'मध्ये (2008) दोनशेहून अधिक रंगीत नकाशे आहेत. अशा ग्रंथाच्या डिजिटल आवृत्तीत आधी अनुक्रमणिकेतली नकाशांची यादी उघडावी, नाहीतर त्या अध्यायाच्या टिपांपाशी जाऊन पाहावे.

'अकॉर्डन्स' या बायबल-अभ्यास प्रणालीची नकाशावही मला आवडते ती हे अंतर मिटवते म्हणून. 1994 मध्ये मॅकिंटॉशवर आलेल्या या प्रणालीत वचनातले गावाचे नाव निवडले की तिथूनच नकाशा उघडता येतो. भूरूप, प्रदेश, स्थळे आणि मार्ग असे थर वेगवेगळे आहेत; हवा तो ठेवावा, नको तो काढावा. नकाशावर रेघ ओढली की त्या रेघेवरचा चढउतारही दिसतो.

पहिल्या शमुवेलाचा सतरावा अध्याय असा उघडून पाहावा. गल्याथाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे पहिल्या वचनातली सोखो, अजेका ही नावे आपण वाचतो न वाचतो तोच पुढे सरकतो. नकाशावर मात्र आधी हीच दोन नावे लागतात. ही लढाई झाली ते एलाचे खोरे पश्चिमेच्या सखल प्रदेशातून पूर्वेच्या डोंगराळ यहूदात शिरते. अजेका त्याच्या पश्चिम तोंडाशी आहे आणि सोखो आत. पलिष्टी सोखोला जमले याचा अर्थ ते उंबरठा ओलांडून आत आले होते. सोखो यहूदाचे आहे असे लेखक मुद्दाम सांगतो ते यासाठी. इथून वर चढणाऱ्या वाटा बेथलेहेमच्या बाजूला जातात, म्हणजे दावीदाचे वडील इशाय यांच्या दारापर्यंत. भावांसाठी हुरडा आणि भाकरी घेऊन उतरणारा दावीद दूरच्या कुठल्या रणांगणावर चाललेला नाही. त्याच्या गावाची वाटच शत्रूने अडवली आहे.

समोरासमोरच्या दोन डोंगरांवर दोन सैन्ये चाळीस दिवस का खोळंबली, हेही थर बदलून पाहताना कळते. जो आधी खोऱ्यात उतरेल त्याने उंचीचा फायदा गमावला. शेवटी पळणारे पलिष्टी गथ आणि एक्रोनच्या वेशीपर्यंत रेटले जातात. गथ त्याच खोऱ्याच्या उतारावर, अजेकापासून दहाएक किलोमीटरवर आहे, आणि गल्याथ गथचा. ज्या वीराच्या भरवशावर हे सैन्य वर चढले होते, त्याच्याच गावाकडे ते धावत सुटले. नकाशाशिवाय ही वेदना मला कधी जाणवली नसती.

यरुशलेम ते यरीहो अशी रेघ ओढली तर उताराचा छेद खाली कोसळतो. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून उंच असलेले शहर आणि समुद्रसपाटीच्याही सुमारे अडीचशे मीटर खाली असलेले गाव, मध्ये पंचवीसेक किलोमीटरचे ओसाड रान. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणूस याच वाटेवर पडला आहे. त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेपर्यंत नेणे म्हणजे काय, हे त्या कोसळत्या रेघेकडे पाहून समजते.

चांगल्या नकाशाची खरी परीक्षा मात्र तो काय ठामपणे सांगत नाही यात असते. अम्माऊस घ्या. लूक ते यरुशलेमपासून साठ स्टेडियावर, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटरवर असल्याचे सांगतो, तर काही हस्तलिखितांत एकशे साठ, म्हणजे तीस किलोमीटरच्या आसपास, असा आकडा आहे. इम्वास, अबू घोष, कुबेबा, मोत्सा असे अनेक दावेदार आहेत. नावापुढे प्रश्नचिन्ह घालणारा नकाशाकार मला अधिक विश्वासाचा वाटतो, कारण त्या चिन्हामुळे वाचक पुन्हा वचनाकडे वळतो. अम्माऊसला गेलेले दोघे शिष्य येशूला ओळखताच त्याच घटकेला उठून यरुशलेमेस परतले. अकरा किलोमीटर असतील तर ती रात्रीची पायपीट झाली. तीस असतील, तेही चढाचे, तर रात्रभराची वाट. दोन्ही अंतरे मोजून पाहावीत. त्या उठण्यातली घाई दोन्हींत वेगवेगळी भासते.

मराठी वाचकाची अडचण इथे सुरू होते. मराठी बायबल फोनवर सहज मिळते, पण यार्देन किंवा एक्रोन या नावावर बोट ठेवून नकाशा उघडावा, अशी सोय माझ्या पाहण्यात नाही. ती करणे अशक्य नाही. 'ओपनबायबल' या प्रकल्पाने बायबलमधल्या जवळजवळ सर्व स्थळांचे अक्षांश-रेखांश, ओळख कितपत खात्रीची आहे याच्या अंदाजासह, मुक्त परवान्याने उपलब्ध करून दिले आहेत. आता त्यांना मराठी नावे आणि वचनांचे दुवे जोडायचे आहेत. आपल्या मंडळ्यांत आणि धर्मविद्यालयांत संगणक जाणणारे तरुण आहेत, शास्त्र जाणणारे वडीलधारेही आहेत. त्यांनी एकत्र बसावे, आणि पहिल्या शमुवेलापासूनच सुरुवात करावी.