केसाची उपमा आणि जांभ्याची छिद्रे

धातूच्या नॅनोतारांवरचे आमच्या वाचनात आलेले बहुतेक मराठी लेख ‘केसाच्या हजाराव्या भागाएवढी तार’ म्हणून थांबतात. ती ओढायची कशी, हा वर्गातला हमखास प्रश्न तसाच राहतो.

ती ओढत नाहीत, साच्यात वाढवतात. ॲल्युमिनियमचा पत्रा ऑक्झॅलिक आम्लात धनाग्र केला, की ऑक्साइडच्या थरात काही दशक नॅनोमीटर व्यासाची छिद्रे पडतात. आम्ही रत्नागिरीकर इथे जांभा दाखवू. पण त्याची छिद्रे वेडीवाकडी, ही पोळ्यासारखी. मासुदा व फुकुदा या जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये ती फारच शिस्तीत आणली. थर सोडवून, त्याचा बंद तळ उघडून, एका बाजूस धातूचा मुलामा द्यायचा. तो मुलामा ऋणाग्र करून मोरचुदाच्या द्रावणातले तांबे छिद्रांत भरायचे. मग कॉस्टिक सोड्यात साचा विरघळतो, तारा उरतात.

म्हणजे शाळेतलेच विद्युत विलेपन! लेखक हे सांगत नाहीत, ही आमची मुख्य तक्रार.

दुसरी तक्रार पृष्ठफळाची. १ मिलिमीटर जाड तारेचे तांबे तेवढ्याच लांबीच्या, १०० नॅनोमीटर जाडीच्या तारांत वाटले, तर वक्रपृष्ठफळ १०,००० पट होते. वायूचे रेणू पृष्ठभागालाच चिकटतात, म्हणून अशा तारांचा संवेदक हळवा. दहावीच्या मुलाला हे गणित येते. लेखांत त्याच्या जागी ‘चमत्कार’ हा शब्द असतो.