चाललेली वाट आणि ऐकलेली वाट : चिनी यात्रेकरूंची प्रवासवर्णने आणि त्यांचे प्रवासी वाचक

मराठीतील प्रवासवर्णनविषयक समीक्षेत 'माहितीपर' हे विशेषण बहुधा दूषण म्हणूनच येते. लेखकाचे व्यक्तिमत्त्व, त्याची शैली, स्थळाला त्याने दिलेला भावनिक प्रतिसाद यांवर लेखनाची वाङ्मयीन योग्यता ठरते. वाटा, अंतरे, मुक्कामाच्या सोयी यांविषयीचा मजकूर मार्गदर्शिकेच्या खात्यावर टाकला जातो. विसाव्या शतकातील ललित गद्यापुरती ही विभागणी समजण्याजोगी आहे. परंतु ज्यांचे वाचक ग्रंथ मिटून स्वतःच वाटेला लागणार होते, अशा प्रवासवर्णनांना ती लावता येत नाही. तेथे दुसऱ्याच्या लेखनातून मिळणारी प्रेरणा आणि मिळणारा सल्ला हेच वाचनाचे प्रयोजन असते. ही दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात असे गृहीत धरले जाते. फाहियान, ह्युएनत्संग आणि इत्सिंग या तीन चिनी भिक्षूंची परंपरा व तिचे नंतरचे वाचक पाहिले की हे गृहीतक तपासावेसे वाटते.

फाहियान इ.स. ३९९ मध्ये चांगआनहून निघाला तो विनयग्रंथांच्या शोधात. खुष्कीच्या मार्गाने भारतात आणि सिंहलद्वीपाहून समुद्रमार्गे परत, असा त्याचा प्रवास ४१२ मध्ये संपला. त्याचे वृत्त अतिशय आटोपशीर आहे. सिंहलद्वीपात बुद्धमूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने वाहिलेला मायदेशचा पांढरा रेशमी पंखा दिसताच त्याच्या डोळ्यांत पाणी आले, एवढा एक प्रसंग वगळता तो स्वतःविषयी फारसे बोलत नाही. सव्वादोनशे वर्षांनंतर ह्युएनत्संग निघाला तेव्हा फाहियानासारखे पूर्वसूरी त्याच्या मनात होते, असे त्याचा चरित्रकार ह्वेली नमूद करतो: ते जाऊ शकले, मग त्यांच्या मागून कोणीच जाऊ नये काय, असा ह्युएनत्संगाचा युक्तिवाद. यात पूर्वसूरीचे नाव आहे, धैर्य आहे, ध्येय आहे. त्याने सांगितलेली वाट मात्र नाही. ह्युएनत्संग राजाज्ञा मोडून निघाला, वाळवंटात पाण्याची पखाल सांडून मरणाच्या दारी गेला आणि परततानाही त्याने फाहियानाचा समुद्रमार्ग घेतला नाही. प्रेरणा माणसाकडून आली. सल्ला ठिकठिकाणच्या वाटाड्यांकडून, व्यापारी तांड्यांकडून आणि राजांच्या शिफारसपत्रांतून मिळत गेला.

६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतलेल्या ह्युएनत्संगाला सम्राट ताइत्सुंगने पश्चिमेकडील राज्यांचे वृत्त लिहावयास सांगितले. बारा खंडांचा तो ग्रंथ ६४६ मध्ये सिद्ध झाला. त्याचा उद्दिष्ट वाचक यात्रेकरू नव्हता, सम्राट होता. म्हणून प्रत्येक राज्याचा परीघ, राजधानीचा विस्तार, जमीन, हवामान, लोकस्वभाव, विहारांची व भिक्षूंची संख्या अशी ठरीव चौकट येते, आणि प्रवाशाचे सुखदुःख ह्वेलीच्या चरित्रासाठी उरते. तथापि या कोरड्या चौकटीत एक विलक्षण सोय आहे. ग्रंथाचा लेखनसहायक बियान्जी अखेरीस सांगतो की, जेथे 'शिंग' म्हणजे 'जाणे' हा शब्द आहे तेथे ग्रंथकार स्वतः गेला होता. जेथे केवळ 'ची' म्हणजे 'पोचणे' आहे तेथील हकीकत ऐकीव आहे. चाललेली वाट आणि ऐकलेली वाट यांतील फरक एका क्रियापदावर सोपवण्याची ही युक्ती मला तरी फार मोलाची वाटते. जो प्रवासी 'येथपर्यंत मी गेलो, यापुढचे मी ऐकले' असे सांगतो, त्याचाच सल्ला घेता येतो.

सल्ला हाच लेखनाचा गाभा करणारा प्रवासी म्हणजे इत्सिंग. दोन्ही पूर्वसूरींविषयीच्या आदरातून तो ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघाला, नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला आणि ६९२ मध्ये श्रीविजयाहून त्याने आपला ग्रंथ मायदेशी पाठवला. त्याच्या चाळीस प्रकरणांत देशोदेशींची दृश्ये नाहीत. जेवणापूर्वी हात कसे धुवावेत, दातवण कसे वापरावे, निजावे कसे, आजारपणात लंघन कसे करावे हे आहे. एका विनयग्रंथाच्या अनुवादाला जोडलेल्या टिपेत तर तो भावी यात्रेकरूला स्पष्टच सुचवतो की, भारतात जाण्यापूर्वी श्रीविजयात एक-दोन वर्षे राहून तेथील आचार शिकून घ्यावा आणि मगच पुढे जावे. आजच्या कोणत्याही परदेशगामी विद्यार्थ्याला हा सल्ला ओळखीचा वाटेल. याच इत्सिंगाने भारताकडे निघालेल्या सुमारे साठ भिक्षूंची चरित्रेही लिहिली. त्यांतील बरेचसे आजाराने, समुद्रात किंवा परमुलखात गेले. प्रेरणेचा ग्रंथ म्हणून ती चरित्रे वाचली तर ती मृत्यूची यादीही आहे, हे लेखकाने लपवलेले नाही. त्याच्या सल्ल्याला वजन येते ते या यादीमुळे.

एकोणिसाव्या शतकात या ग्रंथांना दुसऱ्या प्रकारचा प्रवासी वाचक मिळाला. फाहियानाचा फ्रेंच अनुवाद १८३६ मध्ये प्रसिद्ध झाला, तर ह्युएनत्संगाचे वृत्त स्तानिस्ला झुल्यँच्या फ्रेंच अनुवादातून १८५७-५८ मध्ये आले. अलेक्झांडर कनिंगहॅम ही पुस्तके हाती घेऊन उत्तर भारत फिरला. संकिसा, श्रावस्ती, कुशीनगर या स्थळांची ओळख पटवण्यात त्याला जे यश मिळाले ते थोर आहे. परक्या प्रवाशाच्या लेखनावर इतका विश्वास ठेवून इतके कमावलेला दुसरा वाचक सहज आठवत नाही. परंतु त्याच्या १८७१ च्या प्राचीन भूगोलात सहा 'ली'चा एक मैल धरून अंतरे जुळवताना, जेथे स्थळ जुळत नाही तेथे अनेकदा पाठच दुरुस्त केला जातो, दिशा बदलली जाते. कपिलवस्तूच्या बाबतीत त्याचे अनुमान चुकले. पुढे व्हिन्सेंट स्मिथने असे सुचवले की, दोन यात्रेकरूंनी पाहिलेली कपिलवस्तू नगरे मुळात दोन वेगळी स्थळे असावीत. मतभेद आजही संपलेला नाही. तथापि पवित्र स्थळ दाखवणारे वाटाडे दोन शतकांत बदलतात आणि त्यांच्याबरोबर स्थळही सरकते, ही शक्यता प्रवासवर्णनाला नकाशा समजणाऱ्या वाचकाला सुचत नाही. नकाशाला क्रियापदे नसतात.

ऑरेल स्टाइन हा आणखी पुढचा टप्पा. ह्युएनत्संगाला तो आपला संरक्षक संत मानत असे. १९०७ मध्ये तुनह्वांग येथे बंद गुहेतील हस्तलिखितांचा रखवालदार वांग युआनलू दाद देईना, तेव्हा स्टाइनने त्या नावाचाच आधार घेतला: त्याच भिक्षूच्या पावलांवरून मी भारतातून डोंगर-वाळवंट ओलांडून येथवर आलो आहे. वांग स्वतः ह्युएनत्संगाचा भक्त होता; त्याच्या दंतकथांची चित्रे त्याने पडवीत काढून घेतली होती. प्रथम बाहेर आलेल्या गुंडाळ्यांत ह्युएनत्संगाने अनुवादिलेली सूत्रे निघाली आणि हा शुभसंकेत ठरला. शेवटी हस्तलिखितांच्या चोवीस पेट्या आणि चित्रे व इतर वस्तूंच्या पाच पेट्या अल्प मोबदल्यात तेथून हलल्या. हे सर्व स्टाइनने स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. त्याची भक्ती खोटी होती असे म्हणवत नाही. अडचण हीच की ती खरी होती, आणि तरीही तिने किल्लीचे काम केले. ग्रंथ आणण्यासाठी निघालेल्या भिक्षूचे उदाहरण ग्रंथ नेण्यासाठी उपयोगी पडले. प्रेरणेत सल्ल्यासारखी मर्यादा लिहिलेली नसते. ती कोठेही लागू करता येते.

मराठी वाचक या इतिहासाबाहेर नाही. ह्युएनत्संगाचा महाराष्ट्राविषयीचा उतारा आपल्याकडे शालेय पुस्तकांपासून प्रबंधांपर्यंत फिरत आला आहे. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकवताना तर तो हमखास पुढे येतो. परप्रांतीय श्रोत्यांसमोर परक्याने दिलेले प्रशस्तिपत्र हाताशी असावे, असा काहीसा हेतू त्यामागे असतो. उपकार न विसरणारे, अपमान न सोडणारे, शत्रूलाही आधी सूचना देऊन लढणारे लोक एवढा भाग नेमाने उद्धृत होतो. युद्धापूर्वी मद्य पिऊन धुंद होणारे वीर आणि मद्य पाजून सोडलेले हत्ती मात्र बहुधा गळतात, जरी पुलकेशीचा शेजाऱ्यांना वाटणारा धाक ग्रंथकाराने त्यांच्याशीच जोडला आहे.

याच प्रकरणातील लेण्यांचे वर्णन अजिंठ्याचे मानले जाते. येथे बियान्जीचा भेद आठवावा. महाराष्ट्र-राज्यात प्रवेश करताना 'जाणे' हे क्रियापद आहे. लेण्यांचा मजकूर मात्र राज्याच्या पूर्व सीमेवर एक मोठा पर्वत आहे, अशा स्थितिदर्शक विधानाने सुरू होतो. दाराशी असलेले दगडी हत्ती अधूनमधून गर्जना करतात आणि भूमी हादरते, ही गोष्ट तर स्थानिकांकडून ऐकलेली म्हणूनच सांगितली आहे. ह्युएनत्संग अजिंठ्यास गेला नव्हता असे यावरून सिद्ध होत नाही. पण तो गेला होता असे ठामपणे लिहिणाऱ्यांनी ग्रंथाने स्वतः पाळलेला संयम पाळलेला नाही.

आणि आपला उतारा जेथे थांबतो तेथे मूळ ग्रंथ थांबत नाही. त्याच चौकटीत, त्याच संथ लयीत तो पश्चिमेकडे हजारावर ली जातो, नर्मदा ओलांडतो आणि भडोचला पोचतो. तेथील जमीन खारी, लोक समुद्राचे पाणी उकळून मीठ काढणारे, स्वभावाने उथळ आणि कपटी, असे त्याने लिहिले आहे. हे वाक्य भडोचच्या कोणी आपल्या गौरवग्रंथात घातल्याचे माझ्या पाहण्यात नाही.