नाबोथाचा मळा आणि रविवारचा संदेश

दावीद आणि गल्याथ यांच्यावरचा संदेश ऐकला नाही असा मराठी ख्रिस्ती माणूस विरळाच. दावीदाने ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे उचलले, की पाळकसाहेब एकेकाचे बारसे करतात: विश्वास, प्रार्थना, धीर, आज्ञापालन, स्तुती. मग प्रश्न येतो, तुमच्या आयुष्यातला गल्याथ कोणता? कर्ज, आजारपण, मुलाची नोकरी. मंडळी 'आमेन' म्हणते आणि बऱ्या मनाने घरी जाते. अडचण एवढीच, की हाच संदेश प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या भेटीवरही जसाच्या तसा देता येईल. ख्रिस्तावाचून त्याचे काहीच अडत नाही.

मुळात पहिल्या शमुवेलाचा सतरावा अध्याय वेगळेच काही दाखवतो. चाळीस दिवस अख्खे सैन्य भेदरून उभे आहे. भावांना भाकरी पोहोचवायला आलेला बेथलेहेमचा धाकटा पोरगा, ज्याचा अभिषेक होऊन गेला आहे पण ज्याला कोणी मोजत नाही, तो सगळ्यांच्या वतीने एकटा उतरतो आणि त्याचा जय सगळ्यांचा ठरतो. ऐकणाऱ्याची जागा दावीदाची नाही, त्या भेदरलेल्या रांगेतली आहे. एवढे दाखवले की येशूकडे जायला उडी मारावी लागत नाही.

लूकच्या शेवटच्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर येशू स्वतःच मोशेपासून सर्व संदेष्ट्यांपर्यंत आपल्याविषयीचे उलगडून सांगतो. ख्रिस्तकेंद्री वाचनाचा आधार तो. इंग्रजीत ब्रायन चॅपेल यांचे १९९४चे आणि सिडनी ग्रेडानस यांचे १९९९चे पुस्तक या विषयातली पाठ्यपुस्तकेच झाली. पुण्यातल्या इंग्रजीतून शिकलेल्या तरुण पाळकांशी बोलताना ही नावे निघतात, आणि हे काहीतरी नवे परदेशी शास्त्र आपल्याकडे आल्याचा सूर लागतो. हा सूर मला खटकतो, कारण मराठीत हे काम १६१६ सालीच झाले होते.

फादर थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात रायतूरला छापले गेले ते याच वर्षी. दोन भाग, सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वरू (अध्याय) जुन्या कराराचे, दुसऱ्याचे ५९ नव्या कराराचे. पण मूळ पोर्तुगीज शीर्षकात दोन्ही भाग एकाच गोष्टीचे मानले आहेत: तारणारा येशू ख्रिस्त याचे जगात येणे. म्हणजे आदामाची कथा सुरू झाली तेव्हाच येशूच्या येण्याचे आख्यान सुरू झाले. आणि हे सांगायला स्टीफन्सने घाट घेतला तो श्रोत्यांच्या ओळखीच्या पुराणाचा. शांताराम बंडेलू यांनी या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्यातूनच काढली. ती किती पाळकांच्या कपाटात आहे, हे विचारायचे धाडस मी करत नाही.

पुढे अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे आणि नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ताची कथा सांगायला कीर्तन हाती घेतले. त्यामागे श्रोत्याच्या कानाची जाण होती. वारकरी कीर्तनकार अभंग कोणताही घेवो, दृष्टांत शेताचा देवो की सासुरवाशिणीचा, विठ्ठलाशी न येता कीर्तन आटोपले तर गावकरी त्याला पुन्हा बोलावणार नाहीत. मुळशी खोऱ्यातल्या गावांत अखंड हरिनाम सप्ताहाला बसणाऱ्यांना ही शिस्त कोणी शिकवावी लागत नाही. मराठी ख्रिस्ती व्यासपीठाने मात्र कीर्तन सोडले, इंग्रजी तीन-मुद्दे-आणि-समारोप उचलला, आणि कीर्तनाबरोबर ती शिस्तही गेली.

पंडिता रमाबाईंची साक्ष याहून टोचणारी आहे. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त नव्हे, हे त्यांना उमगले ते सुमारे आठ वर्षांनी. त्याच बाईने पुढे केडगावला बसून इब्री-ग्रीकवरून सगळे शास्त्र सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या, पूर्ण बायबल १९२४ साली छापून निघाले. ख्रिस्त हवा म्हणून जुना करार झटपट उरकावा, असे त्यांना वाटले नाही.

झटपट उरकण्याचा रोग मात्र ख्रिस्तकेंद्री म्हणवणाऱ्यांनाच अधिक जडतो. राहाबेच्या खिडकीतला लाल दोर दिसला की लगेच रक्त. लाकूड दिसले की क्रूस. रूथ उपाशीपोटी सरवा वेचते आहे हे सांगायच्या आतच बवाज हा ख्रिस्ताची प्रतिमा होऊन बसतो. अशा वाचनात ख्रिस्त सापडतो खरा, पण माणसे हरवतात. दलित ईशज्ञानाचे प्रवर्तक अरविंद निर्मळ यांनी अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातली भटक्या पूर्वजाची कबुली दलितांच्या इतिहासाजवळ आणून वाचली, आणि ख्रिस्तही दलितच असल्याचे मांडले. त्यांच्याशी मतभेद असू शकतात. पण श्रोत्याचे दुःख न ओलांडता ख्रिस्तापर्यंत जाता येते, हे त्यांनी दाखवले.

मुळशीत उपदेश करायचा तर मी पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकविसावा अध्याय घेईन. नाबोथाचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून. अहाबाला तिथे भाजीपाला लावायचा आहे. तो बदली मळा देतो, नाहीतर रोख मोबदला. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचे वतन देणार नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ सेनापती बापटांबरोबर उभ्या राहिलेल्या मावळ्यांच्या तालुक्यात हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही. मग ईजबेल राजाच्या शिक्क्याची पत्रे धाडते, दोन खोटे साक्षीदार उभे राहतात, आरोप ठरतो देवाची आणि राजाची निंदा, आणि नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडमार होतो. येशूवरही हेच दोन आरोप आले: महासभेपुढे देवनिंदेचा, पिलातापुढे कैसराविरुद्ध राजा म्हणवल्याचा. तोही वेशीबाहेर मेला, असे इब्री लोकांस पत्र सांगते. आणि मार्कच्या बाराव्या अध्यायात येशू दाखला देतो तो मळ्याचाच: कुळे वारसाला मारून बाहेर टाकतात, वतन आपले व्हावे म्हणून. इथे ख्रिस्त वरून चिकटवलेला नाही, आणि जमीनही नाहीशी होत नाही.

हा संदेश सोपा नाही. हिंजवडी, माण हाही मुळशी तालुकाच. तिथल्या एखाद्या मंडळीत जमीन गेलेला, त्याच जमिनीवर फ्लॅट घेतलेला आणि व्यवहार जुळवून दिलेला असे तिघे एकाच बाकावर बसलेले असू शकतात. शिवाय अध्याय नाबोथापाशी संपत नाही. एलीया त्याच मळ्यात अहाबाला गाठतो, अहाब गोणपाट नेसून उपास करतो, आणि देव शिक्षा पुढे ढकलतो. कृपेवर बोलणाऱ्याला हे टाळता येणार नाही. पण मळा नाबोथाच्या घरच्यांना परत दिल्याचे त्या अध्यायात कुठे म्हटलेले नाही, आणि तेही त्याला टाळता येणार नाही.