३७ टक्के, पण कशाचे?

जवसाच्या चटणीने पक्षाघाताचा धोका ३७ टक्क्यांनी कमी होतो, असे उद्या एखाद्या विद्यार्थ्याने वर्गात सांगितले, तर शिक्षकाने काय म्हणावे? आकडा काल्पनिक नाही. 'स्ट्रोक' या अमेरिकी नियतकालिकात १९९५ साली जोएल सायमन व सहकाऱ्यांनी लिहिलेल्या निबंधात तो आहे. निबंध आम्हाला चांगला वाटतो. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र तपासायला हवा.

हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या पुरुषांच्या एका मोठ्या चाचणीत १९७३ ते १९७६ या काळात दाखल झालेल्यांचे रक्तजल साठवून ठेवले होते. त्यांपैकी पुढे पक्षाघात झालेले ९६ आणि वय वगैरे बाबतींत त्यांच्याशी जुळणारे, पक्षाघात न झालेले ९६ पुरुष निवडून त्यांच्या रक्तजलातील मेदाम्ले मोजली. रक्त आजारापूर्वीचे होते, ही अभ्यासाची मोठी जमेची बाजू. जवसात भरपूर असणाऱ्या अल्फा-लिनोलेनिक आम्लाची टक्केवारी ०.१३ ने (म्हणजे एका प्रमाण विचलनाने) जास्त असली, की पक्षाघाताची शक्यता ३७ टक्क्यांनी कमी आढळली.

आता उणिवा पाहू. संबंध आढळला तो रक्ताशी, चटणीच्या चमच्यांशी नव्हे. शिवाय मोजली ती टक्केवारी. वर्गातल्या २० मुलग्यांपैकी १० गैरहजर राहिले, तर २० मुलींची टक्केवारी ५० वरून ६६ च्या वर जाते. मुलगी मात्र एकही वाढलेली नसते! आणि अनेक मेदाम्ले तपासली, तर एखादे केवळ योगायोगानेही उठून दिसू शकते.

कार्यकारणभाव ठरवायला प्रत्यक्ष चाचणी लागते. नेदरलँड्समध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४,८३७ रुग्णांवर अशी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. हे आम्ल मिसळलेल्या मार्गारिनने हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटनांत लक्षणीय घट झाली नाही. अर्थात ते आधीच रुग्ण होते. त्यावरून निरोगी माणसांबद्दलही घाईने बोलू नये.

जवस जरूर खावे. हे आम्ल शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच मिळते. पण चटणीच्या भरवशावर घरातल्या आजोबांनी रक्तदाबाची गोळी बंद केली, तर अनर्थ होईल. उच्च रक्तदाब हेच पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण आहे. म्हणून ३७ हा आकडा फळ्यावर लिहिताना शेजारी तीन प्रश्नही लिहावेत: कशाचे? कोणात? आणि कोणाच्या तुलनेत?