मुक्त परवाना आणि फुकटचा ग्रंथ : ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’च्या निमित्ताने

अमेरिकेतील राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स हा प्रकल्प २०१२ पासून महाविद्यालयीन क्रमिक पुस्तके महाजालावर विनामूल्य देत आला आहे. महागड्या पाठ्यपुस्तकांवरील उपाय म्हणून त्यांचा गौरव होतो. तथापि हा गौरव बहुधा किमतीपाशीच थांबतो. ग्रंथ आपल्या वर्गात कितपत उपयोगी पडेल, याची तपासणी मागे राहते. या मालेतील ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ (प्रथमावृत्ती २०१४) हा ग्रंथ त्या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

मागणी, पुरवठा, लवचिकता या संकल्पनांचे विवेचन स्वच्छ आहे. आपल्याकडील गाईडांशी तर त्याची तुलनाच नको. अडचण उपयोजनाच्या प्रकरणांत येते. दारिद्र्यावरील प्रकरण पाहावे. मॉली ओर्शान्स्की यांनी १९६० च्या दशकात किमान आहाराच्या खर्चाची तिप्पट करून दारिद्र्यरेषा ठरविली, कारण कुटुंबाचा सुमारे एकतृतीयांश खर्च अन्नावर होतो असे गृहीत होते. त्यानंतर अन्नसाहाय्य, करसवलत वगैरे अमेरिकी योजनांचे विवरण येते. पदवीच्या प्रथम वर्षातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला यातील तर्क समजेल. पण आपल्या तालुक्यातील दारिद्र्य या प्रकरणात त्याला कोठेच दिसणार नाही.

हा लेखकांचा दोष नव्हे. ग्रंथ अमेरिकी विद्यार्थ्यांसाठीच लिहिला आहे. शिवाय २०२२ ची तिसरी आवृत्ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली प्रसिद्ध झाली. मूळ लेखकांना श्रेय देऊन आणि केलेले बदल नमूद करून मजकूर वगळण्यास, बदलण्यास, भाषांतरित करण्यास व विकण्यासही तो परवाना मुभा देतो. ही मुभा हेच या ग्रंथाचे खरे मोल होय. पोलिश भाषेत त्याची सूक्ष्मलक्षी व समग्रलक्षी अर्थशास्त्राची रूपांतरे झाली. आपण मात्र पीडीएफ उतरवून घेतो आणि दुवा विद्यार्थ्यांच्या गटावर टाकून मोकळे होतो.

केवळ भाषांतरानेही भागणार नाही. त्यातून अमेरिकी अन्नसाहाय्यच मराठीत येईल. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दरडोई दररोज २,२५० उष्मांकांच्या आधारे भारतीय दारिद्र्याचा अंदाज मांडला. ओर्शान्स्कींची रीतही अन्नापासूनच सुरू होते. या दोन रीती समोरासमोर ठेवल्या आणि करसवलतीच्या जागी १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम घेतला, तर प्रकरण मुळाहून सकस होईल. पुण्याच्या गोखले संस्थेत घडलेले हे काम मराठी विद्यार्थ्याला परके नाही.

हे करावयाचे कोणी? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथास १० आणि अनुवादित ग्रंथास ८ गुण ठेवले. अर्धा मजकूर राखून अर्धा नव्याने लिहिणाऱ्या रूपांतराला तेथे स्वतंत्र स्थान नाही. अशा कामासाठी अभ्यासमंडळांनी निदान एका प्रकरणापुरते दोन-तीन प्राध्यापक नेमावेत. दारिद्र्याच्या प्रकरणापासून आरंभ करण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही.