अरबी समुद्राची लक्षणा

निवडणुकीच्या सभेतील वक्तृत्व हा वाङ्मयाचा एक प्रकार मानावा की नाही, याविषयी आमच्या साहित्यमीमांसकांनी आजवर मौन पाळले आहे. नाटकाची चिकित्सा झाली, कादंबरीची झाली, फार काय, औषधांच्या जाहिरातींचीही झाली. परंतु ज्या वाङ्मयास दर पाच वर्षांनी कोट्यवधी श्रोते लाभतात, ज्याचे प्रयोग उघड्या मैदानात विनातिकीट होतात आणि ज्याच्या कर्त्यास पसंतीची पावती मते मोजून मिळते, त्याकडे एकाही टीकाकाराने वळून पाहू नये, हे नवल होय. ही उणीव अंशतः तरी भरून काढावी, या हेतूने आम्ही एकाच वाक्याचे परीक्षण येथे करीत आहोत. वाक्य लहान आहे. परंतु पुष्कळ थोर काव्येही लहानच असतात.

१९९५ सालच्या फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक होती. आम्ही तेव्हा नुकतेच अध्यापक झालो होतो व काही दिवस अंजनवेलीस चुलत्यांच्या घरी उतरलो होतो. ज्यांनी हा गाव पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाशिष्ठी नदी समुद्रास मिळते तेथे दक्षिण तीरावर अंजनवेल, पलीकडे दाभोळ. डोंगरावर गोपाळगड, पुढे टाळकेश्वराचे देऊळ आणि दीपगृह. कोठेही उभे राहिले तरी समुद्र चुकत नाही. याच गावाच्या व शेजारच्या वेलदूर-रानवीच्या माळावर एन्रॉन नामक अमेरिकन कंपनी वीज निर्माण करणार होती. करार १९९३ च्या डिसेंबरात, शरद पवार मुख्यमंत्री असताना, झाला होता. जमिनी घेतल्या गेल्या होत्या. आणि विरोधी पक्षाचे नेते गोपीनाथ मुंडे यांनी निवडून आल्यास एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू अशी गर्जना महाराष्ट्रभर केली होती.

नागपुरास किंवा लातुरास हे वाक्य टाळ्या घेत असेल, यात शंका नाही. तेथे अरबी समुद्र ही एक कल्पना आहे. अंजनवेलीस तो परसाच्या खाली आहे. प्रचाराचा एक कार्यकर्ता आमच्या पडवीत बसून हे वाक्य मोठ्या आवेशाने म्हणाला, तेव्हा आमचे अण्णा सुपारी कातरीत होते. ते म्हणाले, "बुडवा हो, आमची ना नाही. पण भरती पाहून बुडवा. ओहोटीला येथे काही बुडत नाही, रुतते."

आम्ही हसलो. कार्यकर्ताही हसला. परंतु या एका वाक्यात अण्णांनी जी समीक्षा केली, तिचे मोल आम्हांस कित्येक वर्षांनी कळले.

काव्यशास्त्रात लक्षणेचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे: 'गंगेत गवळीवाडा आहे.' प्रवाहात घरे कशी असतील? मुख्य अर्थ बाधित होतो, म्हणून 'गंगेच्या तीरावर' असा जवळचा अर्थ घ्यावयाचा. आणि वस्तीचा थंडावा व पावित्र्य सुचविणे हे त्या बोलण्याचे प्रयोजन समजावयाचे. आता हाच न्याय प्रस्तुत वाक्यास लावा. कारखाना समुद्रात कसा बुडेल? मुख्य अर्थ बाधित झाला. तेव्हा 'समुद्रात' म्हणजे 'समुद्राच्या तीरावर'. आणि तीरावर तर तो उभा राहणारच होता! याप्रमाणे, शास्त्राच्या आधारे पाहता, हे आश्वासन देण्यापूर्वीच पुरे झाले होते. प्रयोजन कोणते, ते मतमोजणीस दिसले.

आमचा हा विनोद वाचकांस ओढाताणीचा वाटेल, परंतु इतिहासाची ओढाताण याहून मोठी आहे. मार्चमध्ये युतीचे सरकार आले. मनोहर जोशी मुख्यमंत्री व मुंडे उपमुख्यमंत्री झाले. मुंडे यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने करार तपासला आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी तो रद्द झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे भरती आली होती. पुढे वाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९९६ पर्यंत बुडावयाचा तो प्रकल्प पहिल्याहून थोरला होऊन पाण्याबाहेर आला. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रात अवघे तेरा दिवस टिकलेल्या सरकारनेही जाता जाता त्याच्या हमीस मान्यता दिली. तेरा दिवसांच्या संसारात मनुष्यास दुसरे काही सुचू नये, याचे आम्हांस तेव्हा फार आश्चर्य वाटले होते.

मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की राज्य वीज मंडळाने मे २००१ मध्ये ती घेणे थांबविले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉन खरोखरच बुडाली! परंतु ती अरबी समुद्रात नव्हे, स्वतःच्याच हिशेबाच्या वह्यांत, सातासमुद्रापलीकडे. आमच्या भाषेत नाव बुडते तशी पेढीही बुडते. मुंडे यांच्या वाक्यात हा श्लेष दडला होता, हे त्यांच्या स्वतःच्याही ध्यानी आले नसावे. कवी लिहून जातो, अर्थ मागाहून येतो, असे आम्ही वर्गात सांगतो ते हेच. माळावरचा कारखाना मात्र बुडाला नाही. तो काही वर्षे बंद राहिला, २००५ साली नव्या सरकारी कंपनीकडे गेला, मग वायू मिळेना म्हणून पुन्हा अडला. अण्णांचा शब्द येथे अचूक बसतो.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. अतिशयोक्तीविरुद्ध आमची तक्रार नाही. आचार्य अत्रे दहा हजार वर्षांचा हिशेब मांडून एखाद्याची स्तुती वा निंदा करीत, तेव्हा मागील नऊ हजार वर्षांचा पुरावा कोणी मागितला नाही. कारण त्या बोलण्यात अलंकार होता, देणेघेणे नव्हते. याच जिल्ह्याने राजापूर मतदारसंघातून नाथ पै आणि मधु दंडवते यांस लोकसभेत धाडले. तेव्हा येथील कानांस चांगले वक्तृत्व परके आहे, असेही कोणी म्हणू नये. परंतु निंदास्तुतीतील अतिशयोक्ती निराळी आणि वचनातील निराळी. पहिली फुलबाजी आहे, दुसरी हुंडी आहे. १९९५ च्या त्याच प्रचारात एक रुपयात झुणका-भाकर देऊ, असेही वचन होते. त्यात लक्षणा नव्हती, व्यंजना नव्हती. रुपया घेऊन जावे आणि भाकर मागावी. केंद्रे निघाली, पुढे बंदही पडली. पण भाकर मिळाली की नाही, हे ज्याचे त्याला ठरविता येत होते. 'बुडवू' या शब्दाचा अर्थ मात्र निकालानंतर ज्याने तो उच्चारला त्यानेच ठरविला. सामान्य वाङ्मयात काव्य कवीचे, पण अर्थ सहृदयाचा. या एकाच वाङ्मयप्रकारात कवी आपल्या काव्याचा भाष्यकारही स्वतःच होतो आणि सहृदयास पाच वर्षे बाहेर उभे करतो.

आणि हे उभे राहणे नेहमी विनोदी नसते. ज्यांनी ते वाक्य अभिधेने ऐकले, त्यांनी नव्या सरकारपुढेही विरोध चालूच ठेवला. ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात घरांत शिरले. स्त्रियांस मारहाण करून पकडून नेले. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेने जानेवारी १९९९ च्या अहवालात हे नोंदविले आहे. एका वाक्याची लक्षणा न उमजल्याचा दंड इतका जबर असावा काय?

असो. २०२४ च्या नोव्हेंबरात पुन्हा विधानसभेची निवडणूक आली आणि आम्ही पुन्हा अंजनवेलीस गेलो. अण्णा आता नाहीत; काकू आहेत. तत्पूर्वी मे महिन्यात लोकसभेसाठी त्यांनी मत दिले ते रायगडच्या खासदारास, कारण २००९ पासून रत्नागिरी जिल्ह्यातील हा तालुका रायगड मतदारसंघात आहे. येथेही लक्षणाच म्हणावयाची.

रात्री दूरदर्शनसंचावर वादविवाद चालला होता. न्यायशास्त्रात वाद, जल्प व वितंडा असे कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा मोडावयाचा ती वितंडा. आम्ही घड्याळ लावून बसलो. वाद पहिल्या मिनिटास संपला. 'तुमच्या काळी नव्हते का झाले?' या उत्तरास शास्त्रात 'मतानुज्ञा' म्हणतात आणि तेथे बोलणारा हरला असे समजतात. त्या रात्री पाचही वक्ते सात-आठ वेळा हरले व प्रत्येक वेळी अधिक मोठ्याने. इतक्यात वीज गेली. वीज निर्माण करणाऱ्या कारखान्याच्या कुंपणालगत, काळोखात, आम्ही आणि काकू बराच वेळ समुद्र ऐकत बसलो. काव्यदृष्ट्या तो त्या निवडणुकीतील सर्वांत रमणीय क्षण होता.

त्या निवडणुकीत एका बाजूने स्त्रियांस दरमहा २१०० रुपये कबूल केले होते, दुसरीने ३०००. आम्हांस शेक्सपिअरचा अँटनी आठवला. सीझरचे मृत्युपत्र वाचून तो रोमच्या प्रत्येक नागरिकास पंचाहत्तर द्राख्मा मिळतील असे सांगतो आणि जमाव पेटवितो. आमचे विद्यार्थी तेथे टाळ्या वाजवून पुस्तक मिटतात. पुढच्याच अंकात तोच अँटनी ते मृत्युपत्र मागवितो, त्यातील देणी कशी कमी करता येतील ते पाहण्यासाठी. परीक्षेत या प्रवेशावर प्रश्न सहसा येत नाही.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा पत्रके घेऊन पडवीत आला. १९९५ साली तो जन्मलाही नसावा. त्याने पाठ केलेली सर्व आश्वासने न अडखळता म्हणून दाखविली. काकूंनी ती शांतपणे ऐकली आणि विचारले, "काय रे बाळा, हे भरतीचे की ओहोटीचे?"

मुलगा क्षणभर गोंधळला. मग अदबीने म्हणाला, "आजी, सकाळी सात वाजल्यापासून."